पाळी थांबली, दूध यायला लागलं: आता गोळी बंद करायची का?

प्रश्न: माझी धाकटी बहीण २६ वर्षांची आहे. लहानपणी तिच्या हृदयाचं ऑपरेशन झालं, टेट्रॉलॉजी ऑफ फॅलो होतं. पुढे जनुकीय तपासणीत '२२क्यू११.२ डिलीशन' निघालं, म्हणजे बाविसाव्या गुणसूत्राचा एक तुकडा गळलेला. चार वर्षांपूर्वी तिला आवाज ऐकू यायला लागले. तेव्हापासून रिस्पेरिडोन ३ मिलिग्रॅम आणि ट्रायहेक्सिफेनिडिल २ मिलिग्रॅम अशी एकत्र गोळी दिवसातून दोनदा चालू आहे. आवाज थांबलेत. पण सहा महिने पाळी नाही, दोन्ही स्तनांतून दुधासारखा स्राव येतो आणि वर्षभरात ११ किलो वजन वाढलंय. ऐरोलीतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी प्रोलॅक्टिन तपासलं, ते ११८ आलं. ते उतरवायला त्यांनी कॅबरगोलिन लिहून दिलंय, अजून सुरू केलेलं नाही. पोट फुगतं आणि साफ होत नाही म्हणून ती रोज सकाळी मेडिकलमधून आणलेली गॅसची कॅप्सूल घेते, पॅन्टोप्राझोल-डॉमपेरिडोनची. आई म्हणते, आता बरी आहे तर डोक्याची गोळीच बंद करू. माझे प्रश्न तीन: गोळी बंद करावी का, मेंदूत गाठ तर नसेल ना, आणि पुढे तिला मूल होईल का?
— एक मोठी बहीण, नवी मुंबई

उत्तर:

ताई,

गोळी स्वतःहून बंद करू नका. गाठीची शक्यता कमी आहे, ती कशी तपासायची ते खाली येईलच. मुलाबद्दलचं उत्तर शेवटी, कारण त्याआधी बरंच काही करायचं आहे. पण एक काम आजच करता येईल, आणि त्याचा धागा तुमच्या पत्रात तुम्ही जाता जाता दिलाय. तो म्हणजे गॅसची कॅप्सूल.

मेंदूच्या तळाशी असलेली पिट्यूटरी ग्रंथी प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध आणणारं हार्मोन, तयार करते. तिच्यावर डोपामिन या मेंदूतल्या रसायनाचा कायम ब्रेक असतो. रिस्पेरिडोन डोपामिनचे 'डी-टू' नावाचे रिसेप्टर, म्हणजे त्याचा निरोप घेणाऱ्या जागा, अडवतं. मेंदूच्या आतल्या भागात ते अडल्यामुळे आवाज थांबले, तेच रिसेप्टर पिट्यूटरीत अडले म्हणून ब्रेक सुटला. प्रोलॅक्टिन वाढलं की पाळी चालवणारी मेंदूतली संप्रेरकं दबतात, बीजकोशाला निरोप पोचत नाही, इस्ट्रोजेन खाली जातं. दूध आणि पाळी या दोन तक्रारी नाहीत, एकाच गोष्टीची दोन टोकं आहेत.

रिस्पेरिडोन या बाबतीत बदनाम असण्याचं एक ठोस कारण आहे. पिट्यूटरी ग्रंथी रक्त आणि मेंदू यांच्यामधल्या संरक्षक पडद्याच्या बाहेर बसते. रिस्पेरिडोनपासून यकृतात जे दुसरं द्रव्य बनतं, पॅलिपेरिडोन, ते पडद्यापलीकडे कमी जातं पण पिट्यूटरीपर्यंत आरामात पोचतं. म्हणून आवाजांवर बेताचा डोस असतानाही प्रोलॅक्टिन शंभरीपार जाऊ शकतं.

आता डॉमपेरिडोन. तेही डी-टू रिसेप्टरच अडवतं. ते मेंदूत जवळजवळ शिरत नाही म्हणून 'निर्धोक' समजलं जातं, पण पिट्यूटरी पडद्याबाहेर असल्याने तिला ते पूर्ण सापडतं. बाळंतिणीला दूध यावं म्हणून काही ठिकाणी हेच औषध देतात, एवढं सांगितलं की पुरे. म्हणजे तुमची बहीण सकाळी उठून प्रोलॅक्टिन वाढवणारं दुसरं औषध घेतेय, आणि ते कोणत्याच डॉक्टरांच्या कागदावर नाही.

तिला गॅस होतो कशाने, हेही पाहायला हवं. ट्रायहेक्सिफेनिडिल हे हात थरथरू नयेत, अंग ताठरू नये म्हणून जोडलेलं औषध आहे. त्याने तोंड कोरडं पडतं आणि आतडी मंदावतात. बद्धकोष्ठता त्याची, पोट फुगणं त्याचं, त्यावर गॅसची कॅप्सूल, आणि त्या कॅप्सूलने प्रोलॅक्टिन आणखी वर. औषधाच्या दुष्परिणामावर औषध देण्याची ही साखळी आपल्याकडे फार घरांत सापडते, कारण ही कॅप्सूल औषध म्हणून मोजलीच जात नाही.

तेव्हा डॉमपेरिडोन असलेली कॅप्सूल थांबवा. दुकानदाराने बदली म्हणून लेव्होसल्पिराइड असलेली कॅप्सूल पुढे केली तर ती अजिबात घेऊ नका. लेव्होसल्पिराइड हे मुळात मानसिक आजारावरच्या औषधांच्याच कुळातलं आहे आणि प्रोलॅक्टिन वाढवण्यात डॉमपेरिडोनपेक्षा कमी नाही. उलटीसाठी मिळणारं मेटोक्लोप्रामाइडही याच यादीत. पाकिटावरची ब्रँडची मोठी अक्षरं सोडून खालची बारीक अक्षरं वाचायची सवय लावा: डॉमपेरिडोन, लेव्होसल्पिराइड, मेटोक्लोप्रामाइड, इटोप्राइड. यातलं एकही नाव दिसलं तर परत द्या. बद्धकोष्ठतेसाठी इसबगोल भरपूर पाण्याबरोबर, किंवा डॉक्टरांना विचारून लॅक्ट्युलोज. नुसतं पॅन्टोप्राझोलही वर्षानुवर्षं नको. त्याचं कारण कॅल्शियमच्या भागात सांगतो, तुमच्या बहिणीला ते इतरांपेक्षा जास्त लागू आहे.

फक्त कॅप्सूल थांबवून प्रोलॅक्टिन उतरून २० च्या आसपास येईल अशी आशा धरू नका. दिवसाला ६ मिलिग्रॅम रिस्पेरिडोन एकटंही ११८ पर्यंत नेऊ शकतं. पण ती थांबवल्याशिवाय पुढचा एकही आकडा भरवशाचा राहणार नाही.

डोक्याची गोळी का थांबवायची नाही

आवाज थांबलेत ते गोळी चालू आहे म्हणून. एकदम बंद केली तर आजार परत उसळण्याची शक्यता मोठी, आणि दुसऱ्या वेळी तोच डोस तितकाच लागू पडेल याची खात्री नसते. शिवाय तुमच्या बहिणीच्या गोळीत दोन औषधं एकत्र आहेत, त्यामुळे ती थांबवली की ट्रायहेक्सिफेनिडिलही एका दिवसात सुटतं. त्याने मळमळ, अस्वस्थता, झोप उडणं असे प्रकार होतात आणि घरच्यांना वाटतं आजारच परत आला. आईंना हे नीट समजावा. त्यांची भीती रास्त आहे, उपाय चुकीचा आहे.

कॅबरगोलिनही मनोविकारतज्ज्ञांशी बोलणं होईपर्यंत सुरू करू नका. ते लिहून देणाऱ्या डॉक्टरांची चूक आहे असं नाही. पिट्यूटरीत प्रोलॅक्टिन बनवणारी गाठ असेल तर तेच पहिलं औषध असतं. पण ते डी-टू रिसेप्टर चालू करतं, म्हणजे रिस्पेरिडोन जे बंद करतंय नेमकं तेच उघडतं. त्याने आवाज, संशय परत येऊ शकतात. २२क्यू११.२ मध्ये गुणसूत्राचा जो तुकडा गळलेला असतो त्यात 'कॉम्ट' नावाचं जनुक असतं. मेंदूत डोपामिन मोडून टाकणारं एन्झाइम त्यावरून बनतं, आणि तुमच्या बहिणीकडे त्याची एकच प्रत आहे. अशा व्यक्तीत डोपामिनशी खेळ बेताने करावा. दुसरं म्हणजे तिचं हृदय. कॅबरगोलिन मोठ्या डोसमध्ये बरीच वर्षं घेतलेल्या पार्किन्सनच्या रुग्णांत हृदयाच्या झडपा जाड झाल्याचं आढळलंय. प्रोलॅक्टिनसाठीचा डोस त्यामानाने फार कमी असतो, तरी टेट्रॉलॉजीच्या ऑपरेशननंतर झडपेतून गळती राहिलेली असू शकते. कधी द्यायचंच ठरलं तर आधी टू-डी एको आणि हृदयाच्या डॉक्टरांचं मत हवं.

तपासण्या, आणि त्या कशा द्यायच्या

पहिली तपासणी लघवीची, गर्भधारणेची. अवघड वाटतं, 'आमच्याकडे तसं काही नाही' असं घरचे म्हणतात. तरी करायचीच. पाळी थांबलेल्या कुठल्याही तरुणीची हीच पहिली तपासणी असते, त्यात संशय कुणावर घ्यायचा नसतो.

प्रोलॅक्टिन पुन्हा तपासा, पण डॉमपेरिडोन बंद करून निदान आठवडाभराने. रक्त उठल्यानंतर दोन-तीन तासांनी, उपाशीपोटी द्यावं. लॅबमध्ये पोचल्यावर पंधरा-वीस मिनिटं शांत बसू द्या, ऐरोलीहून ठाण्याच्या लोकलमध्ये धक्के खात आल्याआल्या सुई नको, कारण ताणानेही प्रोलॅक्टिन चढतं. सकाळची रिस्पेरिडोनची गोळी रक्त दिल्यावर लगेच घ्यायची, बरोबर घेऊन जा. त्या आठवड्यात स्तन दाबून दूध येतंय का हे पाहू नका. दाबण्यानेच प्रोलॅक्टिन वाढतं, दूध सुरू राहतं. केसांसाठी बायोटिन चालू असेल तर ते तीन दिवस आधी बंद. लॅबच्या यंत्रांना बायोटिन चकवतं आणि प्रोलॅक्टिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), पीटीएच (पॅराथायरॉइड ग्रंथींचं हार्मोन) हे आकडे खोटे कमी दाखवतं.

त्याच वेळी टीएसएच आणि फ्री टी-फोर, म्हणजे थायरॉइडच्या तपासण्या. थायरॉइड मंद असेल तर मेंदूचा जो निरोप थायरॉइडला जागं करायला जातो तोच प्रोलॅक्टिनही वाढवतो. वजन, बद्धकोष्ठता, सुस्ती, पाळीची गडबड हे सगळं थायरॉइडचंही असू शकतं. २२क्यू११.२ असलेल्या मोठ्या माणसांत साधारण पाचातल्या एकाला थायरॉइड मंद होतो. इथे 'गोळीचा दुष्परिणाम' म्हणून फाइल बंद करणं ही सगळ्यात सहज घडणारी चूक. क्रिएटिनिनही हवं, कारण मूत्रपिंड अशक्त असेल तर प्रोलॅक्टिन शरीरातून नीट बाहेर पडत नाही, आणि या डिलीशनमध्ये काहींना जन्मतःच एकच मूत्रपिंड असतं. पोटाची सोनोग्राफी कधी झाली असेल तर तिचा कागद शोधा.

कॅल्शियमचा मुद्दा, जो पत्रात नाही

तुम्ही प्रोलॅक्टिनबद्दल विचारलंत. आम्हाला जास्त काळजी कॅल्शियमची वाटते.

२२क्यू११.२ मध्ये रक्तातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या, गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी बऱ्याचदा पूर्ण वाढलेल्या नसतात. निम्म्याहून अधिक लोकांचं कॅल्शियम आयुष्यात कधी ना कधी खाली जातं. तान्हेपणी झालं आणि मग 'सुटलं' असं वाटतं, पण ताप, ऑपरेशन, बाळंतपण, कडक उपास किंवा खाणं सुटणं अशा निमित्ताने तिशीतही ते परत खाली येऊ शकतं. आणि कॅल्शियम कमी झाल्याची लक्षणं मानसिक आजाराच्या औषधांच्या दुष्परिणामांसारखीच दिसतात: ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या, हाताचे पंजे आखडणं, पोटऱ्यांत गोळे, चिडचिड, घाबरल्यासारखं होणं, थरथर, फिट. पंजा आखडला की 'गोळीने झालं' म्हणून ट्रायहेक्सिफेनिडिल वाढवलं जातं आणि कॅल्शियम कुणी बघत नाही.

त्यातला धोका हृदयाचा आहे. कॅल्शियम कमी असेल तर ईसीजीवर 'क्यूटी' नावाचं अंतर लांबतं, आणि ते फार लांबलं तर हृदयाची लय बिघडू शकते. रिस्पेरिडोनने थोडं लांबतं, डॉमपेरिडोननेही लांबतं. तिन्ही एकत्र, त्यात ऑपरेशन झालेलं हृदय. म्हणून ईसीजी हा या यादीतला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात गरजेचा कागद आहे. त्यावर 'क्यूटीसी' असा आकडा छापून येतो. बाईच्या बाबतीत तो ४७० मिलिसेकंदांच्या वर असेल तर डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवा. ५०० च्या वर असेल तर थांबू नका, हॉस्पिटलच गाठा.

रक्तात एकूण कॅल्शियम, अल्ब्युमिन, फॉस्फरस, मॅग्नेशियम, पीटीएच आणि ड जीवनसत्त्व अशा सहा गोष्टी मागा. अल्ब्युमिन कमी असेल तर एकूण कॅल्शियमही कमी दिसतं. त्यासाठी हिशेब असा: ४ मधून अल्ब्युमिन वजा करा, उरलेल्याला ०.८ ने गुणा आणि ते कॅल्शियममध्ये मिळवा. कॅल्शियम ८.४ आणि अल्ब्युमिन ३.२ असेल तर खरा आकडा साधारण ९, म्हणजे ठीक. आयनाइज्ड कॅल्शियमची सोय असेल तर हा हिशेबच नको. सुधारलेला आकडाही ८.५ च्या खाली आणि पीटीएच कमी असेल तर पॅराथायरॉइडचं काम ढिलं आहे. पीटीएच 'नॉर्मल' छापून आलं तरी हुरळून जाऊ नका. कॅल्शियम घसरलेलं असताना पीटीएच वर जायला हवं असतं, जागच्या जागी राहणं हेच बिघाडाचं लक्षण.

मॅग्नेशियम अनेक लॅब 'कॅल्शियम प्रोफाइल'मध्ये घेत नाहीत, वेगळं सांगावं लागतं. ते कमी असेल तर पीटीएच सुटत नाही आणि कॅल्शियम कितीही दिलं तरी टिकत नाही. पॅन्टोप्राझोल महिनोन् महिने घेतल्याने मॅग्नेशियम घटू शकतं. नुसतं पॅन्टोप्राझोलही कायम नको म्हटलं ते यासाठी.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे सर्रास होते: ड जीवनसत्त्व कमी आलं की ६०,००० युनिटची पुडी आठवड्याला. साध्या कमतरतेत ती बरोबर आहे. पण ड जीवनसत्त्व मूत्रपिंडात जाऊन 'जागं' व्हायला पीटीएच लागतं. ज्याचं पीटीएचच अपुरं आहे त्याला कॅल्सिट्रायॉल, म्हणजे जागं झालेलं रूप, द्यावं लागतं, आणि कॅल्शियम पुनःपुन्हा मोजत. अंदाजाने कॅल्शियमच्या गोळ्या वाढवल्या तर लघवीवाटे जास्त कॅल्शियम जाऊन मूतखडे होतात. थायरॉइडची गोळी सुरू झाली तर ती आणि कॅल्शियम यांत चार तासांचं अंतर हवं, नाहीतर थायरॉइडची गोळी अंगी लागत नाही.

कॅल्शियमची ही तपासणी सगळं ठीक असलं तरी वर्षातून एकदा, शिवाय औषध बदलताना, मोठ्या तापात आणि कुठल्याही ऑपरेशनआधी. श्रावणी सोमवार, नवरात्र असे कडक उपास तिने करायचे असतील तर दूध-दही चालू ठेवून. निर्जळी नको.

गाठीचं काय

रिस्पेरिडोनने प्रोलॅक्टिन २०० च्याही वर गेलेलं पाहायला मिळतं, त्यामुळे ११८ समजायला गाठीची गरज नाही. औषध सुरू होण्याआधीचं प्रोलॅक्टिन कुठे नोंदलेलं असेल तर प्रश्नच मिटतो, जुनी फाइल चाळा. नसेल तर 'तीन दिवस गोळी थांबवून पुन्हा तपासू' असं कुणी सुचवेल. वैद्यकात ती पद्धत आहे, पण फक्त मनोविकारतज्ज्ञांच्या संमतीने, आणि आवाज ऐकू येण्याचा इतिहास असताना आम्ही तिच्या बाजूचे नाही. त्यापेक्षा पिट्यूटरीचा एमआरआय सोपा. सतत डोकं दुखणं, बाजूचं कमी दिसणं, चालताना दाराच्या चौकटीला धडकणं यातलं काही असेल किंवा औषध बदलूनही आकडा उतरत नसेल, तर एमआरआय करावाच. स्राव एकाच बाजूने, लाल-तपकिरी किंवा गाठीसह असेल तर स्तनांची सोनोग्राफी वेगळी.

औषधात काय बदल होऊ शकतो

हे मनोविकारतज्ज्ञ ठरवतील. पर्याय माहीत असले की तुम्हाला बोलणं सोपं जाईल.

पहिला पर्याय डोस कमी करणं. वर्षभराहून अधिक काळ आवाज नसतील तर ६ वरून हळूहळू खाली येता येतं, एका वेळी अर्धा ते एक मिलिग्रॅम आणि मध्ये काही आठवडे थांबून. पण तुमची गोळी जोडगोळी असल्याने असे बारीक टप्पे जमत नाहीत, त्यासाठी दोन्ही औषधं सुटी लिहून घ्यावी लागतील. रिस्पेरिडोन कमी झालं की ट्रायहेक्सिफेनिडिलचीही गरज घटते, मग पोटही सुधारतं. मात्र कमी डोसवरही रिस्पेरिडोन प्रोलॅक्टिन वाढतं ठेवू शकतं.

दुसरा पर्याय, ज्याकडे आमचा कल आहे: रिस्पेरिडोनला हात न लावता एरिपिप्राझोल या मानसिक आजारावरच्याच दुसऱ्या औषधाचा लहान डोस जोडणं, साधारण अडीच ते पाच मिलिग्रॅम. एरिपिप्राझोल डी-टू रिसेप्टरला घट्ट चिकटतं पण त्याला पूर्ण बंद करत नाही, अर्धवट चालू ठेवतं. पिट्यूटरीला तेवढं पुरतं. प्रोलॅक्टिन बहुधा काही आठवड्यांत उतरतं. त्रास होतो तो बेचैनीचा: पाय थांबत नाहीत, बसवत नाही, घरभर येरझाऱ्या. ती बेचैनी म्हणजे 'आजार वाढला' असं समजून रिस्पेरिडोन वाढवलं जातं, तेव्हा पहिल्या पंधरवड्यात तिला मुद्दाम विचारा, 'पायांना आत कसंतरी होतं का?' एरिपिप्राझोल शरीरात फार रेंगाळतं, निम्मं व्हायला तीन दिवसांहून जास्त लागतात. पूर्ण परिणाम समजायला निदान दोन आठवडे द्या, तोवर डोस खाली-वर करू नका. मधल्या काळात आवाज किंवा संशय डोकावला तर लगेच कळवा, क्वचित तसंही होतं.

तिसरा पर्याय पूर्ण बदल. एरिपिप्राझोलवर जाणं, किंवा क्वेटियापिन. क्वेटियापिन प्रोलॅक्टिन फारसं वाढवत नाही, पण वजन आणि साखर वाढवतं. क्लोझापिनही प्रोलॅक्टिनला हात लावत नाही. २२क्यू११.२ मध्ये ते चांगलं लागू पडतं, पण फिट येण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त. म्हणून कमी डोस, फार सावकाश वाढ, आधी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम ठीक, आणि पांढऱ्या पेशींची नियमित मोजणी. या डिलीशनमध्ये प्लेटलेट्स मुळात कमी असू शकतात, तो आकडा आधीच नोंदवून ठेवा. केवळ प्रोलॅक्टिनसाठी क्लोझापिनपर्यंत जायची गरज नसते.

एका वेळी एकच बदल. एरिपिप्राझोल सुरू, रिस्पेरिडोन कमी, थायरॉइडची गोळी नवी, सगळं एकाच महिन्यात झालं तर कशाने काय झालं हे कुणालाच सांगता येणार नाही. भिंतीवरच्या कालनिर्णयवर तारखेच्या चौकटीत बदल लिहा, आणि पाळी, दूध, झोप, बेचैनी यांच्या खुणा.

हात थरथरत असतील आणि औषध कमी करूनही ते थांबलं नाही, तर ट्रायहेक्सिफेनिडिल वाढवण्याआधी न्यूरॉलॉजिस्टना दाखवा. २२क्यू११.२ मध्ये पार्किन्सन लवकर येण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते.

११ किलोंचं बघताना उपाशीपोटी साखर, एचबीएवनसी आणि लिपिड तपासा. या डिलीशनमध्ये टाइप-टू मधुमेह तरुणपणीच होऊ शकतो. आहाराने वजन रोखलं जात नसेल तर मेटफॉर्मिनबद्दल विचारा, साधारण ५०० मिलिग्रॅम जेवणाबरोबर सुरू करून वाढवतात. 'आधी वजन कमी कर, मग बघू' हे उत्तर मान्य करू नका. भूक वाढवतं ते औषध, तिचा आळस नव्हे.

हाडांबद्दल थोडक्यात. इस्ट्रोजेन कमी असताना विशी-तिशीत हाडं भरायची ती भरत नाहीत. पाळी बंद होऊन वर्ष होत आलं तर हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन करा. पाळी 'आणण्यासाठी' पाच-दहा दिवसांची प्रोजेस्टेरॉनची गोळी दिली जाते, तिने प्रोलॅक्टिन सुधारत नाही. रक्तस्राव झाला नाही तर त्यातून इस्ट्रोजेन कमी आहे एवढं कळतं.

बहिणीशी बोलताना

ती २६ वर्षांची आहे, तिच्याबद्दल ठरवताना ती खोलीत असली पाहिजे. मानसिक आरोग्य देखभाल कायदा, २०१७ नुसार उपचाराचा निर्णय घेण्याची क्षमता मानसिक आजारामुळे आपोआप जात नाही. एका वाक्यात एकच गोष्ट सांगा: 'गोळीमुळे एक हार्मोन वाढलं. त्यामुळे दूध येतं. तू काही चुकीचं केलेलं नाहीस. डॉक्टर गोळी नीट करतील.' आणि तिला दुधाचा अर्थ काय वाटतो हे नक्की विचारा. प्रोलॅक्टिन वाढलेलं असताना 'माझ्या पोटात बाळ आहे' असा पक्का भ्रम झाल्याच्या नोंदी आहेत. शरीर तसाच पुरावा देत असतं, त्यामुळे हसण्यावारी नेऊ नका. लघवीची तपासणी तिच्यासमोर करा, तिलाच वाचू द्या.

जाता जाता इतर वाचकांसाठी: घरात मुलगा या औषधांवर असेल तर तो स्तन वाढल्याचं, लैंगिक इच्छा गेल्याचं सांगणार नाही, विचारावं लागतं. प्राडर-विली सिंड्रोम या दुसऱ्या जनुकीय आजारात लैंगिक हार्मोन मुळातच कमी असतात, पाळी आधीपासूनच नीट नसते, त्यामुळे वाढलेलं प्रोलॅक्टिन लक्षातच येत नाही. तिथे औषध सुरू करण्याआधीच एकदा मोजून ठेवावं.

कुठे, कोणत्या क्रमाने

आधी मनोविकारतज्ज्ञ, या आठवड्यात. पुढची तारीख दोन महिन्यांनी असेल तरी फोन करून आधीची मागा. मग एंडोक्रायनॉलॉजिस्ट, म्हणजे हार्मोनचे डॉक्टर. परळच्या केईएम रुग्णालयात एंडोक्रायनॉलॉजीचा स्वतंत्र विभाग आहे, आणि दुर्मिळ आजारांच्या २०२१ च्या राष्ट्रीय धोरणात केईएम हे उत्कृष्टता केंद्रही आहे. ऐरोलीहून ट्रान्स-हार्बरने ठाणे, तिथून स्लो लोकलने परळ. निघण्याआधी ओपीडीचे वार विचारून घ्या. जनुकीय तपासणीचा मूळ रिपोर्ट, हृदयाच्या ऑपरेशनचा कागद आणि सगळ्या गोळ्यांची रिकामी पाकिटं, गॅसच्या कॅप्सूलचंही, न्या. सगळ्यांत वर एक पान ठेवा: निदान, हृदयाचं ऑपरेशन, प्रत्येक औषधाचं नाव, डोस आणि सुरू केल्याची तारीख, शेवटचं कॅल्शियम, टीएसएच, प्रोलॅक्टिन आणि क्यूटीसी. त्याच पानाची झेरॉक्स स्त्रीरोगतज्ज्ञांकडे, मनोविकारतज्ज्ञांकडे आणि हृदयाच्या डॉक्टरांकडे. कॅबरगोलिनची चिठ्ठी तुम्हाला मिळाली ती तिघांसमोर एकच कागद नव्हता म्हणून.

फिट आली, बेशुद्ध पडली, घशात आखडून श्वास अडला किंवा तापाबरोबर अंग ताठ झालं तर थेट कॅज्युअल्टी, आणि दारातच सांगा: '२२क्यू११.२ डिलीशन आहे, रिस्पेरिडोन चालू आहे, कॅल्शियम आणि ईसीजी आधी बघा.' रात्री-बेरात्री आवाज परत आले आणि डॉक्टर मिळत नसतील तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६. मोफत, चोवीस तास, मराठीतही.

औषधात बदल झाल्यावर चार ते सहा आठवड्यांनी प्रोलॅक्टिन पुन्हा मोजा.

आता मुलाबद्दल. प्रोलॅक्टिनमुळे थांबलेली पाळी ते उतरलं की सहसा परत येते, मूल होण्याची क्षमताही. एक गोष्ट घरात बोलून ठेवा: पहिली पाळी दिसण्याच्या दोन आठवडे आधी बीज सुटलेलं असतं. 'पाळीच नाही तर दिवस कसे जातील' हा समज औषध बदलण्याच्या काळात धोक्याचा आहे. तिचे कुणाशी संबंध असतील किंवा लग्नाचं बघत असाल, तर संततिनियमनाचा सल्ला औषध बदलण्याच्या दिवशीच घ्या. तिच्या प्रत्येक अपत्यात हे डिलीशन उतरण्याची शक्यता निम्मी, ५० टक्के, आणि ते किती सौम्य की तीव्र असेल हे आधी सांगता येत नाही. गरोदरपणी आणि बाळंतपणात तिचं स्वतःचं कॅल्शियम आणि हृदय यांवरही ताण येतो. त्यामुळे लग्नाची बोलणी पुढे जाण्याआधी जेनेटिक काउन्सेलरची भेट घ्या, आणि त्या भेटीला तिला सोबत न्या. तुमच्या आई-वडिलांपैकी कुणाची ही तपासणी झालेली नसेल तर तीही त्याच वेळी करून घ्या. दहातल्या साधारण एका घरात ते पालकाकडूनच आलेलं असतं, आणि तसं निघालं तर तुमचीही तपासणी करावी लागेल.